रेड कार्पेटच्या दागिन्यांचं काम शिकताना: आधी जांगड समजून घ्या

रेड कार्पेटवर अभिनेत्रीच्या गळ्यात दिसणारा हार बहुतेक वेळा तिचा नसतो. एका रात्रीपुरता तो मागून आणलेला असतो. दागिन्यांच्या पेढीला त्या बदल्यात फोटो आणि नाव मिळतं. हार आणणं, घालणं आणि परत पोचवणं हे स्टायलिस्टच्या असिस्टंटचं काम. सहा वर्षं मी मुंबईत हेच करतेय. सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी सांगते, आधी जांगड समजून घ्या.

झवेरी बाजार असो की बीकेसीतला हिऱ्यांचा बाजार, भारत डायमंड बोर्स, माल पसंतीवर देतात त्याला जांगड म्हणतात. माल तुमच्या ताब्यात, मालकी पेढीची. कागदावर नग, ग्रॉस वजन (खड्यांसकट), नेट वजन (नुसत्या सोन्याचं), खड्यांचे कॅरट आणि परतीची तारीख असते. आपल्यासमोर काट्यावर वजन झाल्याशिवाय सही करू नका. काउंटरवरच्या काकांना घाई असली तरीही.

पहिल्या सीझनला मी घाईत सही केली होती. कार्यक्रम संपल्यावर पहाटे दोनला व्हॅनिटी व्हॅनमध्ये डबी उघडली, तर डाव्या झुमक्याच्या खालच्या ओळीत एक कोंदण रिकामं. शेजारची नखी, म्हणजे खडा धरणारा आकडा, वाकलेली, तिच्यात गाऊनच्या जाळीचा धागा अडकलेला. हिरा त्या रात्रीच पडला की आणतानाच नव्हता, हे मला सांगता येईना, कारण माझ्याकडे एकही फोटो नव्हता. चार महिने पगारातून पैसे कापले गेले. तेव्हापासून पेढीतच प्रत्येक नगाचा पुढून, मागून आणि फाशाजवळून, म्हणजे दागिना अडकवायच्या जागेजवळून, व्हिडिओ काढते.

फाशाकडे नवीन लोक बघतच नाहीत. पोलकीचा, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचा हार बऱ्याचदा मागे दोरीने बांधायचा असतो. गाऊनची पाठ उघडी असेल तर ती दोरी आणि गोंडा प्रत्येक फोटोत दिसतो. फिटिंगच्या दिवशीच पेढीला विचारा आणि त्यांच्याच कारागिराकडून साखळी जोडून घ्या. कुंदनकामात आत लाख भरलेली असते, ती उष्णतेने मऊ होते. त्यामुळे स्टीमर आणि हेअर ड्रायरपासून हाराचा डबा लांब ठेवा. अत्तर, हेअरस्प्रे सगळं आटपल्यावरच मोती घालायचे.

वजनाचाही अंदाज हवा. 2019 च्या ऑस्करला लेडी गागाने टिफनीचा 128.54 कॅरटचा पिवळा हिरा घातला होता. कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, म्हणजे नुसता खडाच 25 ग्रॅमच्या वर. आपल्याकडचे जड झुमके घालून तीन तास बसायचं असतं, तेव्हा कानाच्या पाळीला आधार देणारे वेल सोबत मागून घ्या.

सोन्याचा कॅरट वजनाचा नाही, शुद्धतेचा. सोन्यावरचं 750 म्हणजे 18 कॅरट, 916 म्हणजे 22, एवढं पहिल्या दिवसापासून पाठ असू द्या. रत्नांचा छोटा कोर्स जमला तर जरूर करा. मला स्वतःला मात्र कारागिरांच्या शेजारी बसून जास्त कळलं.

दुसऱ्या दिवशी पेढी उघडताच माल परत न्या, संध्याकाळपर्यंत थांबू नका. पुन्हा वजन, पुन्हा मोजणी. जांगडच्या कागदावर ‘माल परत मिळाला’ असं लिहून सही-शिक्का घ्या आणि त्याचा फोटो तिथेच, काउंटरवर उभं राहून काढा.