नागपुरात राहून खगोलशास्त्रात शिरायचं असेल तर (थोडा अनुभव, थोडी माहिती)

चंद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, तेव्हापासून नात्यातली, ओळखीतली पोरं-पोरी सतत विचारून राहिल्या आहेत, आणि २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले त्यानंतर तर फोन अजूनच वाढले. प्रश्न बहुतेक एकच असतो, "ताई, मला स्पेसमध्ये करिअर करायचंय, बारावीनंतर काय घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. माझं बीएस्सी, एमएस्सी नागपुरातच झालं, शाळा मराठी माध्यमाची, आणि आता पुण्यात पीएचडी सुरू आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःशी क्लिअर करा. "स्पेस" म्हणजे एक फील्ड नाही. यान बनवणं, ते उडवणं, उतरवणं हे इंजिनिअरिंग आहे. तारे, ग्रह, आकाशगंगा कशा चालतात ते शोधणं हे फिजिक्स आहे. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतल्या दोन उपग्रहांचं डॉकिंग झालं, म्हणजे ते अवकाशात एकमेकांना जोडले गेले, ते सेन्सर, कंट्रोल आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं काम. ते आवडत असेल तर मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घ्या, मग इस्रोची भरती परीक्षा आहे, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देऊन थेट तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विषयाची संस्था आहे. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानात दोन्ही बाजू भेटतात बघा. यान इस्रोचं, पण त्यावरची सूर्याचा कोरोना (सगळ्यात बाहेरचं वातावरण) बघणारी व्हीईएलसी दुर्बीण बंगळुरूच्या आयआयए या खगोलभौतिकी संस्थेने बनवली आणि अतिनील किरणांत सूर्याचे फोटो घेणारी सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने. ते यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं आणि आता तिथून येणारा डेटा तुमच्या-आमच्यासारखे फिजिक्सवाले वाचतात.

मी दुसऱ्या, म्हणजे फिजिक्सच्या वाटेची, त्यामुळे पुढचं जास्त त्याबद्दलच आहे.

लोकांना वाटतं खगोलशास्त्रज्ञ म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस. आता तसं फार कमी राहिलंय, बहुतेक दिवस लॅपटॉपसमोर कोड लिहिण्यात आणि ग्राफ बघण्यात जातो. आणि नागपुरातल्या विद्यार्थ्यासाठी ही फार मोठी संधी आहे असं मला मनापासून वाटतं, कारण डेटा खुला आहे. जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीचा बराचसा डेटा लगेच किंवा वर्षभरात सगळ्यांसाठी उपलब्ध होतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी अलकनंदा नावाची सर्पिल आकाशगंगा जाहीर केली, महास्फोटानंतर जेमतेम दीड अब्ज वर्षांतली, एवढ्या लवकर इतके व्यवस्थित सर्पिल हात तयार होतील अशी अपेक्षा नव्हती. ती सापडली वेबच्या डेटात, पुण्यात बसून! चिलीतल्या रुबिन वेधशाळेने तर २३ जून २०२५ ला पहिले फोटो दाखवले, ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, ती दर काही रात्रींनी दक्षिणेकडचं सगळं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार. एवढा डेटा बघायला माणसं लागणार आहेत, त्यात तुम्ही का नको?

मग सुरुवात कशी करायची? पायथन शिका, पण नुसते कोर्स करत बसू नका, एक खरा तारा घ्या. मी नव्या पोरांना नेहमी डब्ल्यूएएसपी-१८ देते. नासाच्या टेस या ग्रह शोधणाऱ्या उपग्रहाने तो बघितलाय, आणि लाइटकर्व्ह नावाचं फुकटचं पायथन पॅकेज आहे, त्यातून दहा-बारा ओळींत डेटा खाली उतरतो. प्लॉट केला की एक जवळपास सपाट रेघ दिसते, आणि साधारण २२.६ तासांनी एकदा ती रेघ एक टक्क्याने खाली जाऊन परत वर येते. परत तेच, परत तेच. एक गुरूपेक्षा मोठा ग्रह ताऱ्यासमोरून जाऊन राहिला, त्याचं वर्षच २२.६ तासांचं. मध्येच रेघेत एक मोठी रिकामी जागा दिसते, ती बघून पोरं घाबरतात की आपलं काहीतरी चुकलं, तर तसं नाही, त्या वेळात टेस गोळा केलेला डेटा पृथ्वीकडे पाठवत असतो म्हणून निरीक्षण बंद असतं. आता रेघ खाली जाते त्या सगळ्या खाचा एकावर एक बसवा म्हणजे एकच स्वच्छ खाच मिळते. तिची खोली एक टक्का, एक टक्क्याचं वर्गमूळ म्हणजे दहावा हिस्सा, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या साधारण एक दशांश. अकरावी-बारावीच्या गणितात तुम्ही दुसऱ्या सूर्यमालेतल्या ग्रहाचा आकार काढला! हे जिच्या हाताने होतं तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय, त्यानंतर "पायथन कशाला शिकायचं" हा प्रश्न येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अशा परग्रहांची नोंदलेली संख्या ६००० च्या पुढे गेली, आणि त्यातले बहुसंख्य याच खाचांच्या पद्धतीने सापडलेत.

डिग्री कुठली? माझं स्पष्ट मत, बीएस्सी फिजिक्स-मॅथ्स, साधं आणि भक्कम. "अ‍ॅस्ट्रॉनॉमी" असं आकर्षक नाव असलेला महागडा कोर्स घेण्याआधी त्यात क्वांटम, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स किती आहे ते बघा. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या म्हणजे आयआयटीची दारं उघडतात, नाहीतर इथे विद्यापीठातून करा, मी तेच केलं आणि त्याने काही अडलं नाही. पीएचडीसाठी जेस्ट, नेट, मुंबईच्या टीआयएफआर संस्थेची जीएस आणि आयुकाची आयनॅट अशा प्रवेश परीक्षा आहेत. फॉर्मच्या तारखा दरवर्षी त्या-त्या साइटवर बघत जा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका.

मराठी माध्यमवाल्यांनो, इंग्रजीची भीती मला पण खूप होती. उपाय एकच सापडला, रोज एका रिसर्च पेपरचा फक्त सारांश वाचायचा, न कळलेले शब्द वहीत लिहायचे. अर्काइव्ह (arXiv) साइटवर खगोलशास्त्राचे जवळपास सगळे पेपर फुकट असतात. काही महिन्यांत तेच-तेच शब्द फिरून येतात हे लक्षात येतं आणि मग वाचन आपोआप जमतं. इंटरव्ह्यूत कुणी उच्चार मोजत नाही, फिजिक्स किती समजलंय तेच बघतात.

आता आकाश. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ही जागा खरंच चांगली आहे, अगस्त्य हा तारा तर हिवाळ्यात छान दिसतोच, पण एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू हा तारकासमूह आणि ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गुच्छ पण बघता येतो, जो लंडनवाल्यांना घरून कधीच दिसणार नाही. शहरात दिव्यांमुळे आकाश धुवून निघतं, म्हणून ग्रुपने रामटेक किंवा उमरेडच्या बाजूला जा, घरी सांगून आणि सोबत मोठं माणूस घेऊन. पहिली खरेदी १०×५० ची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर. ऑनलाइन "५०० पट झूम" लिहिलेल्या हलत्या ट्रायपॉडच्या टेलिस्कोपवर आईबाबांचे पैसे घालवू नका. रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात जाऊन या, आणि २६ मेच्या आसपास भर दुपारी उभी काठी लावून शून्य सावली पण बघा, सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने काठीची सावली दिसत नाही. जुलैत तो दिवस परत येतो पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

अजून एक वाट आहे जिच्याकडे पोरं बघतच नाहीत, रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहातून जमिनीचा अभ्यास. आणि ती तर आपल्या गावातच आहे! इस्रोच्या एनआरएससी या रिमोट सेन्सिंग संस्थेचं मध्य विभागाचं केंद्र नागपुरात आहे, राज्य सरकारचं याच कामाचं एमआरसॅक पण इथेच. ३० जुलै २०२५ ला निसार उपग्रह गेला, नासा आणि इस्रो दोघांचा मिळून, एल आणि एस अशा दोन बँडचं रडार, १२ दिवसांनी तीच जमीन पुन्हा बघतो. रडार ढगांतून आरपार बघतं. विदर्भात कापूस-सोयाबीन शेतात असतात तेव्हाच नेमकं आभाळ भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा काही दिसत नाही, त्यामुळे पीक, पूर, जमिनीचा ओलावा यासाठी या डेटाची किंमत आपल्याला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळायला हवी. भूगोल, भूशास्त्र, कृषी, कॉम्प्युटर, कुठूनही इथे येता येतं. भूशास्त्रवाल्यांसाठी तर लोणार आपल्या विदर्भातच आहे, बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेलं असं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ.

घरच्यांचा प्रश्न असतो पैशांचा, आणि तो रास्त आहे. पीएचडीला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं भत्ता किंवा हॉस्टेल, म्हणजे घरून पैसे मागावे लागत नाहीत, पण पाच-सहा वर्षं जातात आणि कायमची नोकरी त्यानंतरही लगेच मिळेलच असं नाही. हे आईबाबांपासून लपवू नका, आकड्यांसकट सांगा. सोबत हे पण सांगा की डेटा हाताळायचं जे कौशल्य येतं त्यावर बाहेर चांगल्या नोकऱ्या मिळतात, माझ्या ओळखीतले कितीतरी जण तसे गेले आणि मजेत आहेत.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून उन्हाळी-हिवाळी प्रोग्रॅमचे फॉर्म भरत राहा, आयुकाचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम, एनसीआरएचा व्हीएसआरपी, रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीचं विंटर स्कूल, कोणत्या वर्षाला कुठला चालतो ते नियमात बघून. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, एकदा तरी जाऊन त्यांच्या खाली उभं राहा आणि तिथल्या इंजिनिअर, विद्यार्थ्यांशी बोला, ते मनापासून सांगतात. प्रोग्रॅमच्या फॉर्मला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून ज्या सरांना किंवा मॅडमना तुमचं काम माहितीये त्यांना निदान तीन आठवडे आधी विचारा, आणि विचारायला जाताना तो डब्ल्यूएएसपी-१८ चा ग्राफ प्रिंट काढून सोबत न्या.