प्लास्टिकच्या बाटलीतील पाण्याविषयीचे इशारे कसे तपासावेत

एप्रिल महिन्यात अकोल्याहून आमच्या वहिनींचा संदेश आला. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी पिऊ नये, उष्णतेने प्लास्टिकमधून डायॉक्सिन हे विषारी रसायन सुटते आणि त्यामुळे स्तनांचा कर्करोग होतो, असे अमेरिकेतील एका नामांकित रुग्णालयाने सांगितले असून हा संदेश सर्व आयाबहिणींपर्यंत पोहोचवावा, असा त्यातील मजकूर होता. वहिनींचा स्वभाव काळजीचा. त्यांनी त्याच दिवशी घरातील सगळ्या बाटल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. फोनवर बोलताना कळले की आता त्यांच्याकडे रोज थंड पाण्याचा एक जार येतो आणि त्या जारवर लेबलही नाही, सीलही नाही. प्लास्टिकच्या भीतीपोटी त्यांनी त्याहून मोठा धोका घरात आणला होता. असा संदेश आल्यावर तो कसा पारखावा आणि त्यानंतर आपल्या घरात नेमके काय बदलावे, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

१. संदेशातील दावा आणि नाव वेगवेगळे काढावे

संदेश शांतपणे दोनदा वाचावा आणि त्यातील ‘कोणत्या पदार्थामुळे कोणता आजार होतो’ एवढाच भाग कागदावर उतरवून घ्यावा. ‘सर्वांना कळवा’, ‘आपल्या माणसांचा जीव वाचवा’ ही वाक्ये बाजूला ठेवली की बहुतेक संदेशांत एक-दोन ओळीच उरतात. त्यानंतर त्यात आलेल्या संस्थेच्या नावाकडे वळावे. वहिनींना आलेला संदेश नवा नव्हता. वीस वर्षांपूर्वी तो इंग्रजीत ई-मेलने फिरत होता. त्यात कधी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे नाव असे, तर कधी एका प्रसिद्ध अमेरिकी गायिकेचे. प्रत्यक्षात जॉन्स हॉपकिन्सने हा मजकूर आपला नसल्याचे जाहीरपणे सांगितले होते आणि तेथील संशोधक रॉल्फ हॅल्डन यांनी २००४ मध्येच स्पष्ट केले होते की प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवल्याने डायॉक्सिन सुटत नाही; उलट थंडीत रसायने प्लास्टिकमधून बाहेर पडण्याचा वेग मंदावतो. संदेशात दिनांक नसेल, डॉक्टरचे नाव असून त्यांचे रुग्णालय किंवा गाव नसेल, किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर तो मजकूर सापडत नसेल, तर तो तिथेच थांबवावा.

२. बाटली उलटी करून तळ पाहावा

ही पायरी कोणी करत नाही, पण सर्वाधिक उत्तरे येथेच मिळतात. बाटली उजेडाकडे धरून तिच्या तळाशी पाहावे. बाणांचा एक छोटा त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा असतो. बाजारात मिळणाऱ्या लिटरभर पाण्याच्या पातळ बाटलीवर बहुधा १ असतो. तळाच्या मध्यभागी, पाकळ्यांसारखे उंचवटे जिथे एकत्र येतात तिथे, मसुराएवढा एक कडक ठिपकाही हाताला लागतो. साच्यात प्लास्टिक याच जागेतून शिरते. १ म्हणजे पीईटी, ज्याला आपण पेट म्हणतो. २ म्हणजे जाड, दुधी रंगाचे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, आणि ७ म्हणजे ‘इतर’, ज्यात पॉलिकार्बोनेटही येते. वीस लिटरचे टणक, निळसर पारदर्शक जार पुष्कळदा या पॉलिकार्बोनेटचे असतात.

आकडा कळला की निम्म्या अफवा गळून पडतात. पेट हे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून बनते, त्यात क्लोरीन नसते. डायॉक्सिन तयार होण्यासाठी क्लोरीन आणि ज्वलनाइतके तापमान लागते. म्हणून गाडीत तापलेल्या पेटच्या बाटलीत डायॉक्सिन निर्माण होत नाही. तीच बाटली पुन्हा वापरल्यास डीईएचए नावाचे कर्करोगकारक द्रव्य सुटते, ही दुसरी प्रसिद्ध अफवा. तिचे मूळ अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात आहे. डीईएचए पेटमध्ये वापरलेच जात नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश मानवासाठी कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केलेला नाही. ‘बीपीए-मुक्त’ असे ठळक छापलेल्या पेटच्या बाटलीसाठी जादा पैसे मोजण्याचेही कारण नाही, कारण बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन, हा पॉलिकार्बोनेटचा घटक आहे, पेटचा नव्हे.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट मात्र हलक्याने घेऊ नये. बाळांना दूध पाजण्याच्या बाटल्यांसाठी ते भारतात चालत नाही. युरोपीय संघाने अशा बाटल्यांवर २०११ मध्येच बंदी घातली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची सुरक्षित दैनंदिन मर्यादा पूर्वीच्या तुलनेत २०,००० पटींनी खाली आणली. या आकड्याशी जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने असहमती नोंदवली आहे, म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझे मत असे की घरात तान्हे बाळ किंवा गर्भवती स्त्री असेल, तर मतभेद मिटण्याची वाट न पाहता ७ आकड्याच्या भांड्यात गरम काहीही ओतू नये आणि ओरखडे पडलेले जुने भांडे काढून टाकावे.

३. किती तापले, किती वेळ आणि किती सुटले, हे विचारावे

‘उष्णतेने रसायन सुटते’ हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. पेट तयार करताना अँटिमनी हे द्रव्य वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरतो, हे मोजून सिद्ध झालेले आहे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात उन्हाळा आपल्या विदर्भाइतकाच कडक असतो. तेथील विद्यापीठाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की पाणी सतत ६० अंश सेल्सियसवर ठेवले, तर अँटिमनी अमेरिकी मर्यादेपर्यंत, म्हणजे लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमपर्यंत, पोहोचायला १७६ दिवस लागतात. ७० अंशांवर १२ दिवस आणि ८० अंशांवर सुमारे सव्वादोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर लिटरमागे २० मायक्रोग्रॅम आहे.

हे आकडे आपल्या घराला लावून पाहावेत. दुपारी कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या गाडीत चार तास तापलेली बाटली प्यायल्याने या कारणाने अपाय होणार नाही. परंतु पत्र्याच्या शेडखाली किंवा दुकानाबाहेर उन्हात मार्चपासून मेपर्यंत रचून ठेवलेली खोकी घेऊ नयेत. तेथे उष्णता आणि काळ दोन्ही एकत्र येतात. पेटच्या बाटलीत उकळते पाणी कधीही भरू नये. ती लगेच आक्रसून वाकडी होते आणि तो आकार बदलणे हीच पुरेशी सूचना आहे.

उन्हाविषयीची भीती कमी करणारी एक माहिती येथे द्यावीशी वाटते. स्वच्छ, पारदर्शक पेटच्या बाटलीत गढूळ नसलेले पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली की जंतू मरतात, ही पद्धत स्वित्झर्लंडमधील ईआवाग संस्थेने विकसित केली असून जागतिक आरोग्य संघटनेने ती घरगुती जलशुद्धीकरणात मान्य केली आहे. आभाळ भरलेले असेल, तर बाटली लागोपाठ दोन दिवस ठेवावी लागते. ज्या उन्हाला आपण विष तयार करणारे समजतो, तेच ऊन अनेक देशांतील गरीब वस्त्यांत अतिसार रोखण्यासाठी वापरले जाते.

प्लास्टिक आणि उष्णता यांची खरी गाठ आपल्याकडे चहाशी पडते. टपरीवरून पातळ पिशवीत बांधून आणलेला चहा हा बाटलीतल्या कोमट पाण्यापेक्षा कितीतरी अधिक काळजीचा विषय आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की कागदी कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे राहिले, तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे २५,००० सूक्ष्मकण त्यात उतरतात. चहासाठी स्टीलची किटली किंवा छोटा डबा सोबत न्यावा.

४. अफवेतला खरा भाग नाकारू नये

बाटलीतील पाण्यात प्लास्टिकचे सूक्ष्मकण असतात, हे खरे आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया येथील शाखेने २०१८ मध्ये भारतासह नऊ देशांतील २५९ बाटल्या तपासल्या, तेव्हा ९३ टक्के बाटल्यांत कण सापडले. मोठ्या कणांपैकी निम्म्याहून अधिक पॉलिप्रॉपिलिनचे होते, म्हणजे टोपणे बहुधा ज्यापासून करतात त्या प्लास्टिकचे. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये अधिक बारीक उपकरणाने मोजणी केली, तेव्हा लिटरमागे सरासरी २,४०,००० कण आढळले आणि त्यांतील ९० टक्के अतिसूक्ष्म होते. शरीरात त्यांचे काय होते, याचा अभ्यास सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये म्हटले होते की उपलब्ध पुरावा अपुरा आहे आणि संशोधन वाढवले पाहिजे. ‘काहीच होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारा संदेशही म्हणूनच पुढे पाठवू नये.

येथे घरचा उपाय आहे. चीनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की जड, म्हणजे क्षार जास्त असलेले, पाणी पाच मिनिटे उकळून गाळले, तर क्षारांच्या पापुद्र्यात अडकून जवळजवळ ९० टक्के कण निघून जातात; मृदू पाण्यात हे प्रमाण बरेच कमी राहते. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरणारे बोअरचे पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांना याचा विशेष उपयोग आहे. पाणी निवू द्यावे, थर खाली बसू द्यावा आणि मग वरचे पाणी बारीक गाळणीने किंवा गाळणकागदाने गाळून घ्यावे.

५. जंतूंकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे

या विषयात मला सर्वाधिक कळकळीने सांगायचे आहे ते हेच. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत, गुलियन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि तपासणीत दूषित पाणी पुरवणारी काही खासगी आरओ केंद्रे महापालिकेला बंद करावी लागली. पाणी आरओचे आहे, जारमध्ये आहे आणि थंडगार आहे, एवढ्याने ते शुद्ध ठरत नाही.

जार किंवा बाटली घेताना पुढील गोष्टी हाताने तपासाव्यात. टोपणाखालची कडी अखंड असावी आणि उघडताना ती तुटल्याचा आवाज यावा. लेबलवर चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि पत्ता असावा. हा क्रमांक ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. बाटलीबंद पाण्यासाठी आयएसआय चिन्हाची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठवण्यात आली आणि त्यानंतर हे पाणी अधिक जोखमीच्या अन्नवर्गात घालण्यात आले. तरीही बाटलीवर चिन्ह असेल, तर त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळावा. लग्नकार्यात येणाऱ्या बिनसीलच्या थंड जारवर यांपैकी काहीच नसते. असे पाणी प्यायचेच असेल, तर उकळून प्यावे.

घरातील पुन्हा भरायच्या बाटलीचे टोपण आज उघडून पाहावे. मुलांच्या शाळेच्या बाटलीत टोपणाच्या आत रबराची किंवा सिलिकॉनची एक कडी असते. ती सुरीच्या बोथट टोकाने अलगद बाहेर काढली की तिच्यामागे काळपट, बुळबुळीत थर दिसण्याची शक्यता मोठी असते. आमच्या घरी मी ती पहिल्यांदा काढली, तेव्हा खाच पूर्ण काळी झाली होती, आणि बाटली मात्र रोज बाहेरून घासली जात होती. कडी, नळी आणि टोपण रोज भांड्यांच्या साबणाने, लहान ब्रशने घासावे, बाटली उपडी करून कोरडी होऊ द्यावी आणि ओली बाटली टोपण लावून रात्रभर ठेवू नये. एकदाच वापरण्यासाठी केलेली पातळ बाटली चेपली, तिला ओरखडे पडले किंवा वास येऊ लागला की ती टाकावी. तिच्या निमुळत्या तोंडातून ब्रश आत जात नाही, हेच ती फार दिवस न वापरण्याचे साधे कारण आहे.

६. टाकलेली बाटली जाळू नये

डायॉक्सिनची भीती ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी ती येथे बाळगावी. अंगणाच्या कोपऱ्यात पालापाचोळ्यासोबत बाटल्या, क्लोरीन असलेल्या पीव्हीसी प्लास्टिकच्या वायरी आणि रंगीत वेष्टने पेटवली जातात, तेव्हा त्या धुरात डायॉक्सिन तयार होते, आणि तो धूर सर्वांत आधी जाळणाऱ्याच्या व शेजारच्या मुलांच्या श्वासात जातो. बाटली चेपून, टोपणासह सुक्या कचऱ्यात द्यावी किंवा भंगारात द्यावी. पेटला भाव मिळतो.

७. पाठवणाऱ्याला उत्तर द्यावे

गटावर ‘ही अफवा आहे’ असे सर्वांसमोर लिहिल्याने माणूस दुखावतो आणि पुढच्या वेळी विचारत नाही. शक्यतो फोन करावा आणि आधी विचारावे की सध्या घरी पाणी कोठून येते. वहिनींना मी तेच विचारले आणि जारचा तळ व टोपण यांचे फोटो मागितले. तळाशी त्रिकोणात ७ होता, आतल्या बाजूला ओरखडे होते आणि टोपणाला कडी नव्हती. त्यांनी पाणी आणणाऱ्या मुलाकडे परवाना क्रमांक मागितला. त्याच्याकडे तो नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जार बंद केला. आता त्या नळाचे पाणी पाच मिनिटे उकळतात, गाळतात आणि माठात भरतात.