झोतांच्या वाऱ्यात छोटं विमान उतरवताना या चुका टाळा

'वारा १५ नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल), झोत २५ नॉट' असं ऐकलं की नवा वैमानिक पहिलाच आकडा लक्षात ठेवतो. घात करतो तो दोन्हींमधला फरक. समोरून येणारा झोत एकदम ओसरला की पंखांवरच्या हवेचा वेग तेवढाच उतरतो आणि टेकायच्या बेतात असलेलं विमान धपकन खाली येतं. म्हणून या फरकाच्या निम्मे, म्हणजे इथे ५ नॉट, अप्रोचच्या, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाच्या, वेगात वाढवायचे.

भीतीपोटी त्याहून जास्त वाढवणं ही पुढची चूक. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलात तर विमानातली ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. विमान टेकायचं नावच घेत नाही, धावपट्टी मागे पळत राहते आणि घायकुतीला येऊन वैमानिक नाक खाली दाबतो.

आडव्या वाऱ्याचा हिशेबही झोताचा आकडा धरूनच करा. वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ६० अंशांत असेल तर जवळपास सगळाच. सेसना १७२ च्या पुस्तिकेत १५ नॉट आडवा वारा दाखवलेला आहे, पण तो चाचणी वैमानिकाने पेललेला वारा आहे. तुमचा सराव किती, ते तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवायचं.

सगळ्यात जास्त मोडतोड होते ती उसळीनंतर. चाकं आपटतात, विमान वर उडतं, नाक वर दिसतं आणि हात आपोआप योक, म्हणजे विमान वळवायचं हातातलं चाक, पुढे ढकलतो. मग पुढचं चाक आधी आदळतं, विमान पुन्हा उसळतं, दर खेपेला जास्त जोरात. दोन-तीन उसळ्यांत पुढच्या चाकाचा दांडा मोडतो, प्रॉपेलर जमिनीला घासतो. ती उसळी दुरुस्त करत बसू नका. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण उघडा, नाक बेताचंच वर ठेवा, विमान डावीकडे ओढू लागेल तेव्हा उजवा रडर (शेपटीवरचं उभं पातं वळवणारं पायाखालचं पेडल) द्या. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडलेली पाती) मात्र टप्प्याटप्प्यानेच वर घ्या; घाईत सगळे एकदम उचलले तर विमान खाली बसतं. हा गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, शांत हवेत इतक्या वेळा करून ठेवा की त्या क्षणी विचार करावा लागू नये.

नीट टेकलं तरी हात सैल सोडू नका. वेग उतरतो तसा एलेरॉनचा (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या टोकांजवळच्या पात्यांचा) परिणाम कमी होतो, म्हणून योक वाऱ्याच्या बाजूला आणखी वळवत न्यायचं, अगदी शेवटपर्यंत. शेपटीला चाक असलेल्या विमानात तर इथेच गाफील राहिलात की ते स्वतःभोवती गर्रकन फिरतं.

दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर वाऱ्याच्या दिशेला जुळणारी दुसरी धावपट्टी गाठा. तिथवर पुरेल एवढं इंधन निघतानाच भरलेलं हवं.