टेबलावरची सीताबर्डी: पुठ्ठा, थर्माकोल आणि कूलरच्या गवतातून वॉरगेमचं मैदान

दिवाळीचा किल्ला समोरून बघायचा असतो. वॉरगेमच्या, म्हणजे छोटे सैनिक मांडून टेबलावर खेळायच्या लढाईच्या मैदानावर मात्र चारही बाजूंनी हात फिरतात, मोजायची टेप लागते, फासे पडतात, शिशाचे जड सैनिक चढतात-उतरतात, आणि खेळ संपला की सगळं उचलून माळ्यावर जातं. म्हणून मैदान करताना दर टप्प्यावर दोन गोष्टी तपासायच्या: इथे सैनिक उभा राहील का, आणि हे उचलताना तुटेल का? दिसायला सुंदर पण सैनिक घसरणारी टेकडी दोन डावांत कोपऱ्यात जाते.

उदाहरण म्हणून नागपूरच्या सीताबर्डीची लढाई घेऊ. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची तुकडी इथे भिडली. मैदान म्हणून ती सोयीची आहे: एक मोठी टेकडी, एक छोटी टेकडी, मधली खिंड आणि पायथ्याची वस्ती. अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. दारूगोळ्याचा स्फोट झाल्यावर इंग्रजांनी छोटी टेकडी परत मिळवली. आज दिसणारा किल्ला लढाईनंतर बांधलेला आहे, त्यामुळे १८१७ चा डाव मांडताना टेकडीवर तटबंदी नको. ही चूक फार जण करतात.

खालची सगळी मापं २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसाठी आहेत. १/७२ प्रमाणातले प्लास्टिकचे सैनिक असतील तर पाऊणपट धरा. चार बाय चार फुटांचं टेबल पुरतं. मोठ्या टेकडीचा तळ ६० बाय ४५ सेंमी, छोटीचा ३० बाय ३०, आणि मध्ये किमान १५ सेंमी सपाट जागा ठेवा. तोफ आणि बैलगाडी त्या जागेत वळवता आली पाहिजे.

टेकडी

नवा थर्माकोल विकत आणू नका. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या खोक्यातला पुरतो. शेजारीपाजारी सांगून ठेवलं तर महिनाभरात ढीग जमतो. साधारण २५ मिमी जाडीचे सपाट तुकडे निवडा. मोठीला तीन थर, छोटीला दोन. वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा सगळीकडून किमान ५ सेंमी आत घ्या, म्हणजे चारी बाजूंनी पायरी तयार होते आणि तिच्यावर घोडेस्वाराचा बेससुद्धा (पायाखालची चकती) बसतो. अखंड उतार डोळ्यांना बरा वाटतो, पण धातूचा सैनिक त्यावर टिकत नाही. फक्त थराची कडा ४५ अंशांत तिरपी कापा. एका बाजूला, जिथून हल्ला चढायचा तिथे, पायऱ्या जास्त रुंद ठेवा.

कापायला लांब पात्याचा कटर घ्या, पात्याला मेणबत्ती घासा आणि हात लांब, एका दिशेने ओढा. करवतीसारखं पुढे-मागे केलं की दाणे सुटतात. पातं बोथट झालं तरी तेच होतं, म्हणून टोक वरचेवर मोडत राहा. उडालेले दाणे ओल्या फडक्याने टिपा. झाडूने ते आणखी पसरतात. तापलेल्या तारेने काप छान येतो, पण धूर विषारी असतो, त्यामुळे ते काम गच्चीवर किंवा अंगणातच.

थर चिकटवताना लोक सगळ्या पृष्ठभागावर फेविकॉल फासतात आणि आठवड्यानंतरही मधला भाग ओला सापडतो. फेविकॉल पाणी उडून वाळतो आणि दोन थर्माकोलच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. पाच-पाच सेंमीवर वाटाण्याएवढे थेंब टाका, थर दाबा आणि वरून तिरप्या आठ-दहा दातकोरण्या खुपसा. त्या दातकोरण्याच खरी पकड देतात. वर दोन जाड पुस्तकं ठेवून एक दिवस थांबा.

फेविक्विक, चपलांना लावतात तसला पिवळा रबरी सोल्युशनचा गम, थिनर आणि कुठलाही स्प्रे रंग उघड्या थर्माकोलला लावू नका. त्यातल्या रसायनाने थर्माकोल वितळतो आणि टेकडीत खड्डे पडतात. नवीन कुठलाही गम किंवा रंग आधी टाकाऊ तुकड्यावर लावून दहा मिनिटं बघा.

तळाला ३ मिमीचा एमडीएफ किंवा सुताराकडे उरलेला सनमायकाचा तुकडा लावा. तळ थर्माकोलच्या बाहेर एक सेंमी येऊ द्या आणि त्याची कडा पॉलिश पेपरने उतरती करा. उचलताना बोट तिथे लागतं, थर्माकोलला लागत नाही. टेकडी वर्षानुवर्षं टिकते ती या एका सेंमीमुळे.

कवच

नुसता रंगवलेला थर्माकोल नखानेही उकरतो. वर्तमानपत्राच्या तीन सेंमी रुंद पट्ट्या फाडा (कापू नका, फाटलेली कड सांध्यात दिसत नाही), फेविकॉल आणि पाणी समभाग मिसळून त्यात बुडवा आणि दोन थर चढवा. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही.

त्यावर मातीचा लेप. चहाच्या कपाने दोन कप बारीक वाळू, एक कप लाकडाचा भुसा, एक कप फेविकॉल, एक कप तपकिरी डिस्टेंपर. वाळू पिठाच्या जुन्या चाळणीतून काढलेली हवी. भुसा नसेल तर तीन कप वाळू चालते, पण टेकडी जड होते. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट ठेवा आणि जुन्या ब्रशने ठोकून ठोकून दोनेक मिमी जाड बसवा. एवढ्यात मोठी टेकडी पूर्ण होते. रंग लेपातच असल्याने पुढे टवका उडाला तरी खाली पांढरं दिसत नाही. वॉल पुट्टी वापरायची झाली तर चार भाग पुट्टीला एक भाग फेविकॉल हवाच. नुसती पुट्टी ठिसूळ असते, पहिल्याच धक्क्याला तडकते.

नागपुरात वाळवण्याचं गणित ऋतूवर चालतं. एप्रिल-मेमध्ये टेकडी गच्चीवर उन्हात ठेवली तर वरची साय तासाभरात कडक होते, आतला ओलावा नंतर आकसतो आणि भेगा पडतात. सावलीत, पंख्याखाली वाळवा. कूलरच्या झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. जुलै-ऑगस्टमध्ये हाच लेप वाळायला तीन-चार दिवस घेतो आणि बुरशी धरू शकतो. ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सगळ्यात सुरळीत होतात.

सीताबर्डीचा दगड काळा बेसाल्ट आहे. त्याच्यासाठी बाजारात जायची गरज नाही: कुठल्याही बांधकामापुढे सांडलेला गिट्टीचा चुरा घ्या, धुवा आणि लेप ओला असताना पाच-सात खडे एकत्र, कडेकडेने रुतवा. सगळीकडे सारखे विखुरले तर खोटे दिसतात. पायरीच्या मधोमध दगड लावू नका, तिथे सैनिक उभे राहायचे आहेत.

रंग

सगळ्या टेकडीला आधी गडद तपकिरी-काळा हात द्या. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (भिंतीच्या रंगात मिसळायचा दाट रंग) मिसळून असा गडद रंग येत नाही, करडा येतो. म्हणून गडद डिस्टेंपरमध्ये काळा स्टेनर घाला. पूर्ण वाळल्यावर कोरडा ब्रश: मध्यम तपकिरीत ब्रशचं टोक बुडवा, वर्तमानपत्रावर पुसत राहा, रंग उमटायचा जवळजवळ थांबला की टेकडीवरून हलकेच फिरवा. उंचवटेच रंगतात आणि जमीन उठून येते. शेवटचा हात पिवळ्या मातीचा, फक्त कडांवर. दगडांना करडा वेगळा द्या. गेरू किंवा पिवळी माती वापरली तर पाण्यात थोडा फेविकॉल हवा, नाहीतर रंग सैनिकांच्या पायांना आणि हातांना लागतो.

गवत आणि झुडपं

लढाई नोव्हेंबरातली. पावसाळा संपून दीड-दोन महिने झालेले असतात आणि टेकडीवरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. त्यामुळे सगळी टेकडी हिरवीगार करू नका. हिरवा फक्त खिंडीत आणि तलावाच्या बाजूला ठेवा.

वाळलेल्या गवतासाठी कूलरच्या जुन्या ताट्यांतलं लाकडी गवत अप्रतिम आहे आणि नागपुरात ते दर उन्हाळ्याअखेरीस घरोघरी फेकलं जातं. रंगही आपसूक योग्य असतो. पण त्यावर क्षारांचा पांढरा थर असतो, त्यावर गम धरत नाही. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर टाकून रात्रभर भिजवा, स्वच्छ धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. शेवाळलेला, काळा पडलेला भाग टाकून द्या. मग कात्रीने ५ ते ८ मिमी तुकडे करा, जमिनीवर फेविकॉलचे ठिपके द्या आणि चिमटीने उभे दाबा. लांब ठेवलं की गवत सैनिकांच्या कमरेपर्यंत येतं आणि बेस हलतो.

झाडाखालच्या पाचोळ्यासाठी चहाचा चोथा. दूध-साखरेच्या चहाचा असेल तर पाणी नितळ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवा, नाहीतर मुंग्या लागतात आणि पावसाळ्यात बुरशी येते. बोटांत चुरल्यावर करकरीत वाजला की तयार. पोहे, रवा, डाळ यांतलं काहीही वापरू नका. त्यात सोंडे होतात.

बाभळीच्या झुडपांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून वापरा. मोठ्या झाडांना बांधकामाची बायंडिंग वायर: बारा सेंमीच्या दहा तारा एकत्र पिळा, वरच्या टोकांना दोन-दोन करून फांद्या काढा, खोडाला फेविकॉल-भुशाचा लेप द्या. पानांसाठी भांडी घासायचा हिरवा स्क्रबर पिंजून लावा. झाड टेकडीला कायमचं चिकटवू नका. रुपयाच्या नाण्याएवढ्या वॉशरवर उभं करा, म्हणजे तुकडी आली की बाजूला सरकवता येतं.

पायथ्याची घरं

छोट्या टेकडीच्या पायथ्याशी झोपड्या होत्या आणि त्यांच्या आडोशाने अरब शिपाई गोळ्या झाडत. त्यामुळे पाच-सहा तरी घरं लागतात, आणि छप्पर उचलता आलं पाहिजे, नाहीतर आत सैनिक ठेवणार कसे?

घर १० बाय ८ सेंमी, भिंत साडेपाच सेंमी, दार चार सेंमी उंच आणि दोन सेंमी रुंद. भिंतीसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, एकमेकांवर चिकटवा. एकेरी पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने दुमडतो. दुसरी अडचण वाकण्याची आहे: एका बाजूला लेप दिला की तो वाळताना आकसतो आणि भिंत धनुष्य होते. म्हणून आतल्या बाजूलाही त्याच दिवशी पातळ फेविकॉलचा हात फिरवा. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या की भिंत सरळ राहते. कोपऱ्यांत आतून आइस्क्रीमच्या काड्या उभ्या लावा.

कवेलूंच्या (कौलांच्या) छपराला पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून नळ्या उघड्या करतात. पण मोठ्या खोक्याची नळी सहा-सात मिमी रुंद असते, या प्रमाणात ते कवेलू फारच मोठे होतात. मोबाइल किंवा मिक्सरच्या लहान खोक्याचा पातळ पुठ्ठा घ्या, त्याची नळी तीनेक मिमी असते. ओल्या फडक्याने वरचा कागद पुसा, दोन-तीन मिनिटं थांबा, कोपऱ्यातून हलकेच सोला. मग नळ्यांना आडव्या, बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या कापा आणि खालून वर, एकावर एक दोन मिमी चढवत चिकटवा. एकसंध पत्रा दिसण्याऐवजी ओळी दिसतात. गेरूचा रंग द्या, मधूनच दोन-चार कवेलू काळपट करा. गवती छपराला जुन्या फुलझाडूचे तुरे पुरतात. दारं-खिडक्यांना संत्र्याची जुनी लाकडी पेटी मिळाली तर तिची फळी चिरा, नाहीतर काडेपेटीच्या काड्या.

तलाव हवा असेल (जुम्मा तलाव, आजचा गांधीसागर, शहर आणि टेकडीच्या मध्ये येतो) तर पारदर्शक प्लास्टिक फाइलच्या खालच्या बाजूला गढूळ हिरवा रंग द्या आणि काठाला मातीचा लेप. फेविकॉल ओतून पाणी करू नका. जाड थर पांढुरकाच राहतो.

शेवटचा हात आणि ठेवण

सगळं वाळल्यावर एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, असं जुन्या परफ्यूमच्या बाटलीतून फवारा. साबणाशिवाय पाणी गवतावर थेंबाथेंबाने उभं राहतं, आत मुरत नाही. बाटली लगेच धुवा, नोझल बंद पडतं.

टेकड्या एकीवर एक रचू नका, गवत चेपतं. फळांच्या पुठ्ठ्याच्या पेटीत एका थरात ठेवा, पावसाळ्यात पेटीच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका: त्यांची वाफ थर्माकोलला आणि प्लास्टिकच्या सैनिकांना मऊ करते.