बसमार्गावर प्रबंध लिहिताना : प्रश्न, निरीक्षण आणि गणित

नगरनियोजन, स्थापत्य अभियांत्रिकी किंवा अर्थशास्त्राचे विद्यार्थी पदव्युत्तर प्रबंधासाठी सार्वजनिक वाहतूक हा विषय निवडतात, तेव्हा पहिल्या आराखड्यावर बहुधा ‘पुणे शहरातील बससेवेचे मूल्यमापन’ अशा धर्तीचे शीर्षक असते. असे शीर्षक एखाद्या चौकशी समितीला शोभेल, पण हाती एक-दोन सत्रे आणि मदतीला दोन मित्र असलेल्या विद्यार्थ्याला ते पेलत नाही. प्रस्तुत लेखात एकाच रस्त्यावरील बससेवेचा अभ्यास कसा आखावा, माहिती कशी गोळा करावी आणि तिचे गणित कसे करावे, हे सांगितले आहे. उदाहरणासाठी पुण्याच्या सातारा रस्त्यावरील कात्रज ते स्वारगेट हा पट्टा घेतला आहे. ठाणे, नागपूर किंवा कोल्हापूर येथील मार्गांनाही हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडेल.

प्रश्न कसा मांडावा

संशोधनाचा प्रश्न मोजता येण्याजोगा तर हवाच, शिवाय त्याचे उत्तर मिळाल्यावर कोणाचा तरी निर्णय बदलण्याची शक्यता हवी. ‘प्रवासी सेवेबाबत समाधानी आहेत का’ या प्रश्नाला ‘काही आहेत, काही नाहीत’ असेच उत्तर येते आणि ते वाचून आगारात काहीही बदलत नाही. त्याऐवजी असे विचारावे : सकाळी 8 ते 11 या वेळात पद्मावतीच्या थांब्यावरून स्वारगेटकडे जाणाऱ्या प्रवाशाला सरासरी किती मिनिटे थांबावे लागते, आणि त्यांपैकी किती मिनिटे गाड्या अपुऱ्या असल्यामुळे व किती मिनिटे गाड्या एकामागोमाग आल्यामुळे वाया जातात? गाड्या अपुऱ्या असतील तर उपाय खरेदीचा, म्हणजे पैशाचा आणि संचालक मंडळाचा आहे. गाड्या पुरेशा असून त्यांचा जथा होत असेल, तर उपाय टर्मिनसवरून गाडी सोडण्याच्या शिस्तीत सापडतो आणि त्याला तुलनेने फारच कमी खर्च येतो. वर्तमानपत्रांत या दोन्ही तक्रारी ‘बस वेळेवर येत नाही’ या एकाच वाक्यात येतात. त्या वेगळ्या करून दाखवणे, हे माझ्या मते एका प्रबंधाला पुरेसे काम आहे.

गाड्यांचा जथा का होतो, याचे स्पष्टीकरण जुने आहे. न्यूवेल आणि पॉट्स या गणितज्ञांनी 1964 मध्ये त्याची मांडणी केली. एखादी गाडी सिग्नलला अडकून दोन मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी दोन मिनिटांचे जादा प्रवासी जमलेले असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते, आणि तिच्यामागून येणाऱ्या गाडीला कमी प्रवासी मिळाल्याने ती पुढचीला गाठते. चालक-वाहकांचा काहीही दोष नसताना हे घडते, ही गोष्ट प्रबंधात ठळकपणे लिहावी, कारण आगारात चर्चेला बसल्यावर पहिला संशय त्यांच्यावरच घेतला जातो.

परदेशी अभ्यासांतली सूत्रे उचलताना मात्र एक खबरदारी घ्यावी. अनेक देशांत प्रवासी चढतानाच चालकाजवळ भाडे देतो, त्यामुळे थांब्यावर जाणारा वेळ तिकिटाच्या व्यवहाराशी बांधलेला असतो. आपल्याकडे वाहक चालत्या गाडीत तिकिटे देतो. येथे वेळ जातो तो दारातल्या गर्दीमुळे. म्हणून दर प्रवाशामागे किती सेकंद लागतात हा आकडा पुस्तकातून घेऊ नये, थांब्यावर उभे राहून मोजावा.

माहिती कोठून मिळवावी

आगारात चार प्रकारची माहिती असते : मंजूर वेळापत्रक, त्यानुसार लावलेल्या ड्यूट्या, प्रत्यक्ष झालेल्या आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद, आणि तिकीट यंत्रांतील विक्री. गाडीवर जीपीएस यंत्र असल्यास स्थानाची नोंदही असते, पण ती एखाद्या ठेकेदाराकडे असू शकते. मार्गदर्शकांचे पत्र घेऊन प्रथम आगार व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटावे आणि नेमके काय हवे ते एका कागदावर लिहून द्यावे. माहितीचा अधिकार आहेच. 2005 च्या कायद्यानुसार 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. पण पहिल्याच दिवशी तो अर्ज पुढे केला, तर पुढे आकड्यांचा अर्थ समजावून सांगायला कोणी बसत नाही, आणि त्या अर्थाशिवाय आकडे फारसे उपयोगी पडत नाहीत.

तिकीट यंत्रातील माहितीवर विसंबण्याआधी तिच्या मर्यादा ओळखाव्यात. पासधारक प्रवासी तिकीट काढत नाहीत, त्यामुळे विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांची संख्या तिकिटांच्या बेरजेत कमी दिसते. तिकिटावर अनेकदा थांबा नसून भाड्याचा टप्पा असतो, म्हणजे एकाच टप्प्यातील तीन थांब्यांवरचे प्रवासी एकत्र मोजले जातात. तिकीट देण्याची वेळ ही चढण्याची वेळ नव्हे. गर्दीच्या गाडीत वाहक प्रवाशापर्यंत पोचेपर्यंत दोन थांबे मागे गेलेले असतात. यासाठी काही फेऱ्यांत स्वतः गाडीत बसून प्रत्येक थांब्यावर चढणारे व उतरणारे मोजावेत आणि त्याच फेऱ्यांच्या तिकीटविक्रीशी ताडून पाहावेत. त्यातून मिळणारे प्रमाण उरलेल्या फेऱ्यांना लावता येते.

वेळापत्रक संगणकावर घेताना ते जीटीएफएस या जगभर वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात भरावे. पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांच्या सहकार्यातून 2005 मध्ये हा नमुना पुढे आला. थांबे, मार्ग, फेऱ्या आणि थांब्यांवरील वेळा अशा साध्या मजकूर-फायलींचा तो संच आहे. त्यात मध्यरात्रीनंतर चालू राहणाऱ्या फेरीची वेळ 24 च्या पुढे लिहिली जाते, म्हणजे रात्री सव्वाबाराला येणारी गाडी 24:15 अशी नोंदवतात. हे माहीत नसेल तर शेवटच्या फेऱ्या हिशेबातून अलगद गळतात.

थांब्यावरचे निरीक्षण

निरीक्षणासाठी किमान तीन थांबे घ्यावेत : मार्गाच्या सुरुवातीजवळचा, मधला आणि शेवटाकडचा. गाड्यांमधील वेळेची विषमता मार्गावर पुढे वाढत जाते, त्यामुळे केवळ टर्मिनसवर मोजल्यास सेवा वाजवीपेक्षा चांगली दिसते आणि केवळ शेवटी मोजल्यास तिचे कारण कळत नाही. प्रत्येक थांब्यावर दोघे असावेत, एकाने गाडीकडे पाहावे व दुसऱ्याने लिहावे. गाडी येण्याची वेळ सेकंदांसह, मार्गक्रमांक, गर्दीचा अंदाज, गाडी न थांबता गेली काय, आणि किती प्रवासी चढू न शकता मागे राहिले, इतक्या नोंदी पुरतात. मागे राहिलेल्यांची नोंद बहुतेक जण विसरतात. खरे तर त्या प्रवाशाची प्रतीक्षा नव्याने सुरू झालेली असते.

सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न उभा राहतो. कात्रजकडून स्वारगेटला जाणाऱ्या प्रवाशाला त्या दिशेची बहुतेक कोणतीही गाडी चालते, तर शिवाजीनगरला जाणाऱ्याला त्यांतल्या काहीच. म्हणून एकाच तक्त्यावरून हिशेब दोनदा करावा, एकदा सर्व मार्ग एकत्र धरून आणि एकदा विशिष्ट मार्गापुरता. दोन्ही निकाल शेजारी ठेवल्यावर कोणत्या प्रवाशाची गैरसोय खरी आहे ते दिसते.

दिवसांची निवडही विचारपूर्वक करावी. गणेशोत्सव, पालख्यांचे आगमन आणि शाळांच्या सुट्ट्या वगळाव्यात किंवा वेगळ्या गटात ठेवाव्यात. पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते; तिकडच्या मार्गांचा अभ्यास करताना गुरुवारला कामाचा दिवस समजल्यास सरासरी फसवी निघते. नमुना किती मोठा हवा, याचेही गणित आहे. दोन गाड्यांमधील वेळेचे प्रमाण विचलन (नोंदी सरासरीपासून साधारण किती दूर पसरल्या आहेत याचे माप) 6 मिनिटे असेल आणि सरासरी एका मिनिटाच्या अचूकतेने 95 टक्के खात्रीने सांगायची असेल, तर सुमारे 140 नोंदी लागतात. मात्र मोठ्या खंडानंतर लहान खंड येण्याची प्रवृत्ती असल्याने लागोपाठच्या नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. त्या एकाच सकाळी गोळा न करता वेगवेगळ्या दिवसांवर विभागाव्यात.

प्रतीक्षेचे गणित

प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येत असतील, तर सरासरी प्रतीक्षा दोन भागांची मिळून होते. पहिला भाग म्हणजे दोन गाड्यांमधील सरासरी वेळेचा निम्मा. दुसरा भाग म्हणजे त्या वेळेच्या प्रचरणाला, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाला, सरासरीच्या दुपटीने भागून येणारी संख्या. पहिला भाग गाड्यांच्या संख्येवर अवलंबून असतो, दुसरा केवळ त्यांच्या विषमतेवर.

काल्पनिक उदाहरण घेऊ. गाड्या बरोबर 10 मिनिटांनी येत असतील तर सरासरी प्रतीक्षा 5 मिनिटे. आता तितक्याच गाड्या आळीपाळीने 2 आणि 18 मिनिटांच्या अंतराने येतात असे धरा. सरासरी अजूनही 10 मिनिटेच आहे, आगाराच्या नोंदीत एकही फेरी रद्द नाही, पण प्रचरण 64 आहे आणि त्याला 20 ने भागल्यावर 3.2 मिनिटांची भर पडते; सरासरी प्रतीक्षा 8.2 मिनिटे होते. दर मिनिटाला 2 प्रवासी येत असतील, तर एका गाडीत 4 आणि दुसरीत 36 जण चढतात. आगाराच्या हिशेबी दर गाडीमागे सरासरी 20 प्रवासी आहेत. प्रवाशांना मात्र निराळा अनुभव येतो, कारण 40 पैकी 36 जण भरलेल्या गाडीत आहेत, आणि सरासरी प्रवाशाच्या गाडीत त्याच्यासह 32.8 जण चढलेले असतात. प्रवासी म्हणतात गाड्या खच्चून भरतात, कार्यालय म्हणते निम्म्या जागा रिकाम्या जातात, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. हा एक तक्ता आपल्या निरीक्षणांवरून तयार झाला, की प्रबंधाचा गाभा हाती आला असे समजावे.

गाड्या फार विरळ असतील, म्हणजे ढोबळमानाने पंधरा-वीस मिनिटांहून अधिक अंतराने सुटत असतील, तर प्रवासी वेळ पाहून घराबाहेर पडतात आणि वरील सूत्र लागू राहत नाही. तेथे वेळापत्रकाशी तुलना करावी, आणि वेळेआधी निघून जाणाऱ्या गाडीला उशिरा येणाऱ्या गाडीपेक्षा मोठा दोष मानावा, कारण तिच्यामुळे वेळेवर आलेल्या माणसालाही पुढच्या गाडीपर्यंत थांबावे लागते.

यानंतर उपायांकडे वळताना गाड्यांचे गणित करावे. जाण्या-येण्याला प्रत्येकी 50 मिनिटे आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी 10 मिनिटे विश्रांती धरली तर एक फेरा 120 मिनिटांचा होतो. दर 10 मिनिटांनी गाडी हवी असेल तर 12 गाड्या लागतात. वाहतूक कोंडीने फेरा 132 मिनिटांवर गेला आणि गाड्या 12 च राहिल्या, तर अंतर 11 मिनिटांचे होते. 10 मिनिटे टिकवायची तर 14 गाड्या हव्यात. प्रत्यक्षात मात्र टोकाची विश्रांती कापून हा फरक भरून काढला जातो, आणि मग एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीत जसाच्या तसा उतरतो. म्हणून धावण्याचा वेळ सरासरीवरून न ठरवता, दहापैकी साधारण नऊ फेऱ्या ज्या वेळात पूर्ण होतात तो वेळ धरून टोकाची विश्रांती ठरवावी. मधल्या एखाद्या थांब्यावर गाडी थोडी रोखून धरण्याचा उपायही साध्या संगणकीय अनुकरणाने (सिम्युलेशनने) तपासता येतो, पण रोखलेल्या गाडीतील बसलेल्या प्रवाशांचा वाया जाणारा वेळ त्या हिशेबात वजा केलाच पाहिजे.

आधी आणि नंतरची तुलना

भाडे किंवा सवलत बदलल्यावर प्रवासीसंख्येत काय फरक पडला, हा विषय मोहात पाडणारा आहे आणि तितकाच निसरडा. बेस्टने जुलै 2019 मध्ये किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आणले. परंतु मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आल्याने स्वच्छ तुलनेसाठी जेमतेम आठ महिने उरतात, आणि त्याच काळात भाडेतत्त्वावरील लहान गाड्याही ताफ्यात येत होत्या. एसटीने 17 मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत दिली. तिच्याआधीच्या काळात 2021-22 चा दीर्घ संप आहे, त्यामुळे मागील वर्षाशी केलेली सरळ तुलना वाढ फुगवून दाखवते. सातारा रस्त्यावर काम करणाऱ्याने स्वारगेटपर्यंतची मेट्रो 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाली हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी बदल न झालेला एखादा समांतर मार्ग शेजारी ठेवून दोन्हींतील आधी-नंतरच्या फरकांचा फरक काढावा. तसा मार्ग मिळत नसेल तर हा विषय सोडून देणे बरे.

लेखन आणि गोपनीयता

निष्कर्षांमध्ये सरासरी एकटी देऊ नये, तिच्यासोबत विषमताही द्यावी, आणि दहापैकी एका प्रवाशाला किमान किती वेळ थांबावे लागले तो आकडा जरूर द्यावा, कारण कामावर वेळेत पोचण्यासाठी घरातून केव्हा निघायचे हे माणूस त्यावरूनच ठरवतो. मूळ नोंदींचा तक्ता परिशिष्टात जोडावा; मात्र त्यातून गाडीचा क्रमांक, ड्यूटी क्रमांक आणि वाहकाचा बिल्ला क्रमांक काढून टाकावा, अन्यथा प्रबंधातील एखादी ओळ कोणाच्या तरी हातात मेमो होऊन पडते. मौखिक परीक्षेपूर्वी दोन पानी मराठी टिपण आगारात नेऊन द्यावे आणि तेथे निघालेल्या हरकती, पटल्या असोत वा नसोत, प्रबंधात उत्तरासह नोंदवाव्यात.