स्पाइनचा आकार वाचताना या चुका टाळा

चेतापेशीच्या फांद्यांवरचे इवलेसे काटे, म्हणजे स्पाइन, चेतासंस्थेचे अभ्यासक काहाल यांनी 1888 मध्ये पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात दाखवले. तेव्हा अनेकांनी हा रंगाचा दोष आहे म्हणून ते उडवून लावले. आज चूक नेमकी उलटी होते. रंगाच्या दोषालाच आपण जीवशास्त्र समजून बसतो.

गडबड स्लाइडपासूनच सुरू होते. स्पाइनला आकार देणारं प्रथिन म्हणजे ॲक्टिन, आणि ते दिसावं म्हणून रंग जोडून वापरतात ते फॅलॉइडिन. फॅलॉइडिन फक्त ॲक्टिनच्या धाग्यांना चिकटतं, सुट्या रेणूंना नाही. मिथेनॉलने पेशी स्थिर केल्या की धाग्यांची घडण विस्कटते. मग फांदीच्या कडेने ठसठशीत लाल ठिपके दिसायला हवेत तिथे नुसता धुरकट पट्टा दिसतो, आणि ‘प्रथिन काढलं, स्पाइन गेले’ असं वहीत लिहिलं जातं. पॅराफॉर्मल्डिहाइड वापरा. पेशींचं वयही बघा. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूचा एक भाग) पेशी डिशमध्ये वाढवल्या, तर सातव्या दिवशी त्यांच्यावर बहुतेक लांब, वळवळणारे, बिनडोक्याचे धागे म्हणजे फिलोपोडियाच असतात. डोकं धरलेले स्पाइन बघायचे तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा.

सगळ्यात मोठा घोळ कोफिलिन या प्रथिनाचा. ते ॲक्टिनचे धागे तोडतं, म्हणून त्याला सरसकट ‘स्पाइन मोडणारं’ ठरवतात. पण तुटलेल्या प्रत्येक धाग्याला नवं टोक मिळतं आणि तिथूनच वाढही होते. स्पाइनमधलं चमकतं ॲक्टिन लेझरने विझवलं, तर मिनिटभरात बरीचशी चमक परत येते, इतकी तिथली ये-जा वेगवान असते. LIMK1 हे एन्झाइम कोफिलिनच्या तिसऱ्या स्थानावरच्या सेरीनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चढवून त्याला थांबवतं, स्लिंगशॉट हे दुसरं एन्झाइम ते फॉस्फेट उतरवतं. त्यामुळे ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-कोफिलिनची, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या कोफिलिनची पट्टी गडद झाली तर त्याचा अर्थ थांबवलेलं कोफिलिन वाढलं, काम वाढलं असा नाही. हे उलटं वाचलेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो, कारण प्रयोग उत्तम झालेला असतो. शेजारी एकूण कोफिलिनची पट्टी हवीच.

मोजणीबद्दल थोडक्यात: एका डिशमधले 400 स्पाइन म्हणजे 400 स्वतंत्र नमुने नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी लावलेली कल्चर मोजा, तीही कोणती डिश कशाची हे मोजणाऱ्याला न सांगता.

आणि स्पाइनची मान. ती साधारण 50 ते 200 नॅनोमीटर रुंद असते, तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची नजर 200 नॅनोमीटरच्या आसपासच अडते. ‘मान बारीक झाली’ असं लिहायचं असेल तर सुपर-रिझोल्यूशन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं हाताशी ठेवा.