हव्या त्या प्रकारच्या विमानात बसायचे असेल तर : नागपूरहून आखणी कशी करावी

विमानाचे तिकीट काढताना आपल्याला मार्ग, तारीख आणि वेळ मिळते; कोणत्या प्रकारचे विमान येईल याची हमी कोणतीही कंपनी देत नाही. ज्यांना ठरावीक प्रकारच्या विमानातच बसायचे असते, त्यांची सारी खटपट या अडचणीभोवती फिरते. नागपूरकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेस या कंपनीच्या देखभाल केंद्रात येणारी बोइंग ७७७ आणि ७८७ ही मोठी विमाने सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरताना दिसतात, परंतु ती देखभालीसाठी आलेली असल्याने त्यांत बसण्याची सोय नसते. त्यासाठी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते.

सर्वप्रथम आपल्याला कोणते विमान हवे ते ठरवावे आणि जे लवकर नाहीसे होणार आहे, त्याला अग्रक्रम द्यावा. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री याच नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या सेवेत धावलेल्या डकोटा विमानात आज आपल्याकडे तिकीट काढून बसता येत नाही. बोइंग ७४७ त्याच वाटेवर आहे : शेवटचे ७४७ जानेवारी २०२३ मध्ये कारखान्यातून ग्राहकाकडे गेले आणि एअर इंडियाने आपली उरलेली ७४७ विमाने २०२४ मध्ये निरोप देऊन पाठवली. प्रवाशांसाठी ७४७-८ अजून चालवणाऱ्या मोजक्या कंपन्यांत लुफ्तान्सा आहे. दुमजली एअरबस ए३८० चे उत्पादनही २०२१ मध्ये थांबले. मुंबई–दुबई मार्गावर एमिरेट्स काही फेऱ्यांसाठी ते वापरत आली आहे आणि महाराष्ट्रातल्या माणसाला ही वाट सर्वांत जवळची आहे. प्रोपेलरवर उडणारे छोटे एटीआर ७२ मात्र अजून तयार होत असल्याने ते पुढच्या वर्षावर ढकलले तरी चालेल. तरीही सरावासाठी सुरुवात एटीआरपासूनच करावी, असे माझे मत आहे, कारण त्यात खर्च कमी आणि शिकायला पुष्कळ असते.

विमान ठरले की वेळापत्रकातील संकेत वाचायला शिकावे. आरक्षणाच्या पानावर ‘फेरीचा तपशील’ उघडल्यास बहुतेक ठिकाणी विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. मागोवा घेणाऱ्या फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर तोच प्रकार चार अक्षरी संकेताने दिसतो : ए२०एन म्हणजे ए३२० निओ, ए२१एन म्हणजे ए३२१ निओ, एटी७६ म्हणजे एटीआर ७२-६००, बी७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर आणि ए३८८ म्हणजे ए३८०. शेजारीच ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाची ती ओळख आहे.

यापुढची पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळे यश तिच्यावर अवलंबून आहे. तिकीट काढण्याआधी किमान दोन आठवडे त्या क्रमांकाच्या फेरीला रोज प्रत्यक्षात कोणते विमान आले, याची वहीत नोंद ठेवावी. पहिल्या वेळी मी वेळापत्रक एकदाच पाहून एटीआरचे तिकीट काढले आणि सोनेगावला पोहोचलो तेव्हा दाराशी ए३२० उभे होते. त्या दिवशी झालेला हिरमोड अजून विसरलेलो नाही. नंतर मागच्या नोंदी चाळल्या, तेव्हा कळले की आठवड्यातील ठरावीक वारी तेथे मोठेच विमान येत होते. विमान बदलले एवढ्याच कारणासाठी पैसे परत मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

खात्रीचा एक उपाय मात्र आहे : जेथे उतरायचे तेथील धावपट्टी पाहावी. शिमल्याजवळील जुब्बरहट्टी आणि लक्षद्वीपमधील अगत्ती येथील धावपट्ट्या सुमारे १,२०० मीटर लांबीच्या असल्याने तेथे ए३२० आयत्या वेळी पाठवताच येत नाही. याउलट नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे. तिच्यावर काहीही उतरू शकते, म्हणून दोन्ही टोके मोठी असलेल्या मार्गावर बदलाचा धोका अधिक असतो. अरुणाचलातील पासीघाटला २०२२ पासून अलायन्स एअरने सतरा आसनी डॉर्निअर २२८ विमान दिब्रुगडहून नेले, तेही अशाच छोट्या धावपट्टीच्या जोरावर.

नव्या विमानासाठी वेगळी युक्ती आहे. कंपनीकडे मोठे विमान नव्याने येते, तेव्हा चालक दलाचा सराव व्हावा म्हणून ते काही काळ देशांतर्गत मार्गांवर फिरवले जाते. एअर इंडियाने २०१२ मध्ये ७८७ आणि जानेवारी २०२४ मध्ये ए३५० असेच चालवले. अशा वेळी पासपोर्ट, व्हिसा यांचा खर्च न करता लांब पल्ल्याच्या विमानात दोन तास बसता येते. बातमी येताच आठवडाभरात तिकीट काढावे.

नागपूरहून मुंबईला जाताना एक बाजू विदर्भ एक्स्प्रेसने आणि दुसरी विमानाने केली, तर खर्च आटोक्यात राहतो. पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असल्यास मध्ये पुरेसा वेळ ठेवावा, शक्यतो एक रात्र.

आसन निवडताना आपल्याला काय अनुभवायचे आहे ते आधी ठरवावे. एटीआरचे पंख छताच्या पातळीवर असल्यामुळे खाली पाहताना पंख आड येत नाही. प्रोपेलरच्या रेषेतील रांगांत गुणगुणणे अंगात जाणवते, तर पंखाखालच्या मधल्या रांगांतून चाके पोटात जाताना दिसतात. प्रवासी मागच्या दाराने चढतात, हेही ध्यानात ठेवावे. एम्ब्राएर १४५ मध्ये एका बाजूला एकेकच आसन असते आणि इंजिने शेपटीकडे असतात, म्हणून पुढची एकेरी खिडकी घ्यावी. ए३२० मध्ये इंजिन सुरू होताना पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा आवाज येतो. तो हायड्रॉलिक दाबाची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्राचा असतो आणि मधल्या रांगांत सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. ७८७ च्या खिडकीला झडप नसून काच काळी करण्याचे बटण असते. आकाश पाहायचे असेल, तर काच उजळ ठेवण्याची विनंती सेविकेला करावी.

छायाचित्रांबाबत विमानतळावरील सूचना आणि चालक दलाचा शब्द पाळावा. सोनेगाव आणि पुण्याचे लोहगाव येथे वायुसेनेचा वावर असल्याने ही काळजी विशेष घ्यावी लागते. कॉकपिट पाहायचे असल्यास विमान थांबून बहुतेक प्रवासी उतरल्यावर सेविकेमार्फत कॅप्टनना नम्रपणे विचारावे, आणि नकार मिळाल्यास आग्रह धरू नये.

उतरल्यावर त्याच दिवशी वहीत तारीख, फेरी, प्रकार, नोंदणी क्रमांक, आसन आणि इंजिनाचा निर्माता लिहून ठेवावा. ए३२० निओवर सीएफएम किंवा प्रॅट अँड व्हिटनी यांपैकी एक इंजिन असते आणि दोहोंचा आवाज वेगळा येतो; तो फरकही दोन ओळींत टिपून ठेवावा, कारण पुढच्या वेळी कान त्याच फरकाचा शोध घेतात.